कडेची माणसं: वाशिममधल्या एका एडिटिंग टेबलाचा दिवस

सकाळी ६.००

चैत्र निम्मा सरला की वाशिममध्ये संगणकाला जड काम दिवसा द्यायचं नसतं. दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि एडिटिंगच्या खोलीत कूलर लावायची सोय नाही. कूलरची ओल कॅसेटला बाधते, टेपवर पांढरी बुरशी धरते. म्हणून हलत्या शूटिंगचं मोजमाप रात्री लावून झोपायचं आणि सकाळी निकाल पाहायचा.

रात्रीची फाइल एका लग्नाची आहे. व्हीएचएस कॅसेट, पाठीवर स्केचपेननं गावाचं नाव, ता. रिसोड, जि. अकोला, मे १९९४. वाशिम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे लेबलवरचं साल पुसलं असलं, तरी ‘जि. अकोला’ एवढ्यावरून कॅसेटचं वय लागतं. त्या जोडप्याच्या मुलीचं लग्न या वैशाखात आहे. मंगल कार्यालयात स्टेजशेजारी एलईडी स्क्रीन लागणार आणि त्यावर आई-बाबांच्या लग्नाची दहा मिनिटं दाखवायची आहेत.

रात्री जे झालं ती पहिली फेरी. तिच्यात सॉफ्टवेअर चित्राला हात लावत नाही, फक्त मोजतं. मंडपाच्या खांबावरची सुतळीची गाठ, दाराच्या चौकटीचा कोपरा, शालूच्या काठाचं टोक असे उठून दिसणारे शेकडो बिंदू ते निवडतं आणि प्रत्येक बिंदू पुढच्या फ्रेममध्ये किती सरकला, किती फिरला याची नोंद करतं. बिंदूंचा असा माग काढायची पद्धत ब्रूस लुकास आणि ताकेओ कानादे या दोघांनी १९८१ मध्ये मांडली. आजही पुष्कळ प्रोग्रॅमच्या पोटात तीच किंवा तिचीच भावकी असते. या नोंदींवरून कॅमेरा कसकसा फिरला त्याची रेघ मिळते. हातातल्या कॅमेऱ्याची रेघ नेहमीच खडबडीत. दुसऱ्या फेरीत ती गुळगुळीत करायची आणि मूळ रेघ व नवी रेघ यांत जेवढा फरक, तेवढं चित्र उलट बाजूला सरकवायचं.

इथवर सगळं फुकट. पण चित्र डावीकडे सरकलं की उजवीकडे काळी फट पडते. ती झाकायला चित्र मोठं करावं लागतं आणि मोठं केलं की कडा चौकटीबाहेर जातात. चित्र १० टक्के मोठं केलं तर क्षेत्रफळातलं जवळपास १७ टक्के जातं. २० टक्के केलं तर ३० टक्के. आजचा सगळा दिवस या हिशोबात जाणार आहे.

सकाळी ७.३०

ऊन चढायच्या आत पुढच्या कॅसेटचं कॅप्चर. कॅसेट आधी उजेडात धरून खिडकीतून टेपची कड पाहतो. पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, नाहीतर बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर. आजची स्वच्छ आहे. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या टेपचा ताण त्यानं सारखा होतो. हेड साफ करताना शॅमॉयच्या कातड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते ड्रमला आडवं टेकवायचं, स्थिर धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. वरखाली घासलं की हेड तुटला. आणि हेड आता आणायचा कुठून? व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनंही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आमच्याकडची दोन मशीनं म्हणजे मिळेल त्या भंगारातून जोडलेला संसार आहे.

कॅप्चरला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी होतात. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, एकाआड एक रेघांवर बसवलेली. या फील्डचं पुढं काम पडणार आहे.

सकाळी ९.३०

गिऱ्हाईक आलं, म्हणजे १९९४ चे नवरदेव. सोयाबीन विकून झालं, तूरही निघाली. आता लग्नाची धावपळ.

“भाऊ, त्या टायमाले तर काई हालत नव्हतं! आता पोरानं मोठ्या टीव्हीवर लावलं तर आमच्या मायले चक्करच आली.”

“तेव्हाही हलतच होतं, दादा. तुमचा टीव्ही लहान होता.”

खरंच तसं आहे. एकवीस इंची टीव्हीवर बोटभर हललेलं चित्र बारा फुटी स्क्रीनवर हातभर हलतं. शूटिंग तेच, हात तोच. पडदा वाढला म्हणून कंप दिसायला लागला. शिवाय आता सगळ्यांच्या फोनमध्ये कंप काढायची सोय आतच असते, त्यामुळे डोळ्यांना न हलणाऱ्या चित्राची सवय झाली आहे.

दादांना त्यांच्या कॅसेटचं झालेलं कॅप्चर दाखवतो. हलण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय काम हाती घ्यायचं नाही. चित्रातली एखादी उभी सरळ रेघ धरायची, दाराची चौकट किंवा खांब. खांब अख्खाच्या अख्खा इकडून तिकडे गेला तर तो व्हिडिओवाल्याचा हात. पण खांब जागच्या जागी वळवळला, वरच्या टोकाला वाकला, त्याच्या कडेला दाते पडले, तर तो टेपचा दोष. रेघा वेळेवर सुटत नाहीत. त्या दुसऱ्या दोषावर स्टॅबिलायझर लावून उपयोग नाही. तिथं कॅप्चर करतानाच टाइम बेस करेक्टर लागतो. तो प्रत्येक रेघ थोडी अडवून वेळेवर सोडतो. दादांच्या कॅसेटला सुरुवातीची दोन-तीन मिनिटं टेपचा दोष आहे, पुढचा सगळा हाताचा.

“हाताचा म्हंजे शूटिंगवाला कच्चा होता?”

कच्चा नव्हता. खांद्यावर पॅनासॉनिकचा मोठा व्हीएचएस कॅमेरा, मागे जनरेटरपासून ओढत आणलेली वायर, बाजूला सनगनचा दिवा धरलेला पोऱ्या, आणि नवरी मंडपात येताना तिच्यापुढे उलट्या पावलांनी मागे सरकायचं. मागे कोण उभं आहे ते दिसत नाही, समोरचं चुकवायचं नाही. त्या काळी मीही सनगन धरून उभा राहिलो आहे. प्रत्येक पावलाला चित्र उचललं जातं आणि खाली येतं, आणि ते तसंच येणार.

सकाळी १०.३०

फील्डचं काम. कॉलेजात जाणारा एक पोरगा सकाळी मदतीला येतो. त्याला कायम घाई.

“काका, सगळ्या फाइलला एकदाच इफेक्ट लावून देऊ का?”

नाही. आधी क्रम. जुन्या चित्रातली दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. ती एकत्र असताना चित्र सरकवलं किंवा फिरवलं, तर एका क्षणाच्या रेघा दुसऱ्या क्षणाच्या रेघांत घुसतात आणि हात-पाय कंगव्यासारखे दातेरी होतात. म्हणून आधी डीइंटरलेस करून २५ च्या ५० पूर्ण फ्रेम करायच्या आणि मगच कंप काढायचा.

दुसरं, जे मुळीच हलत नाही ते झाकायचं. व्हीएचएसच्या चित्रात सगळ्यात खाली काही रेघांची खरखर असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची, संगणकावर उघडी पडते. आणि कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली तारीख. या दोन्ही गोष्टी पडद्यावर एका जागी चिकटलेल्या असतात. सॉफ्टवेअरला वाटतं, बाकी जग हलतंय पण हे इथं स्थिर आहे, मग कॅमेरा स्थिरच असणार! अर्धवट निकाल येतो आणि वर तारीखच नाचायला लागते. खालच्या रेघा कापून टाकतो. तारखेचा कोपरा मोजमापातून वगळतो. स्वीडनच्या गुन्नार थालिनचा ‘डीशेकर’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात अमुक चौकोनातले बिंदू धरू नको असं सांगता येतं.

तिसरं, प्रत्येक शॉट वेगळा कापायचा. नव्वदच्या दशकातल्या मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकाराच्या चौकटी, उलटणारी पानं आणि नवरा-नवरीची नावं उडत येणं हे सगळं हौसेनं भरलेलं असतं. एका शॉटचे बिंदू दुसऱ्यात शोधत बसलं की सॉफ्टवेअरचा तोल जातो. बदाम जसेच्या तसे ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंचे शॉट सुटे करायचे.

पोरगा कापत बसतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि निम्मं यश यातच आहे.

दुपारी १२.००

मंगलाष्टकं. चार-साडेचार मिनिटांचा सलग शॉट आणि दिवसभरातला सगळ्यात अवघड.

सॉफ्टवेअर बहुमतावर चालतं. जास्तीत जास्त बिंदू ज्या दिशेनं गेले, ती कॅमेऱ्याची हालचाल असं ते धरतं आणि बाकीचे फुटीर म्हणून सोडून देतं. मोकळ्या घरात, शेतात हे छान चालतं, कारण तिथं भिंती आणि झाडं बहुमतात असतात. लग्नाच्या मंडपात हलणाऱ्यांचंच बहुमत असतं.

या शॉटमध्ये मधोमध अंतरपाट आहे. पांढरं कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं याहून ठळक काही नाही, म्हणून ते स्वस्तिकाचे कोपरे घट्ट पकडतं. पण अंतरपाट दोघांनी हातात धरलेला, तोही वाऱ्यानं आणि त्यांच्या दमण्यानं वरखाली होतोय. निकाल असा येतो की अंतरपाट भिंतीवर ठोकल्यासारखा स्थिर आणि मागचे पाहुणे सगळे पाळण्यात बसल्यासारखे वरखाली. मग ‘सावधान’ होतं आणि अक्षता उडतात. क्षणात शेकडो पांढरे ठिपके, प्रत्येकाची दिशा वेगळी. मोजमापाची रेघ तिथं तुटून वेडीवाकडी उडी मारते.

उपाय हातानं. अंतरपाटाचा भाग मोजमापातून वगळला आणि वरच्या पट्ट्यातल्या मंडपाच्या झालरीवर व खांबांवर भर दिला. अक्षतांची दोन सेकंद वेगळी कापून मोजमापातून पूर्ण काढली. आधीची आणि नंतरची रेघ हातानं जोडली.

आता पद्धत निवडायची. प्रीमियर प्रोमधला ‘वॉर्प स्टॅबिलायझर’ (तो २०११ मध्ये आफ्टर इफेक्ट्समध्ये आणि पुढच्या वर्षी प्रीमियरमध्ये आला) आपण होऊन ‘सबस्पेस वॉर्प’ लावतो, म्हणजे चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळे ताणतो. व्हीएचएसच्या मऊ, खरखरीच्या चित्रावर त्यामुळे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे हेलकावतात. म्हणून ते बदलून साधं ‘पोझिशन’ ठेवतो. खांद्यावरचा कॅमेरा थोडा कलतो, तिथं ‘पोझिशन, स्केल, रोटेशन’. स्मूदनेस ५० टक्क्यांवर येतो, तो १० ते १५ वर आणतो. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही हेच तीन पायऱ्यांत आहे: ट्रान्सलेशन, सिमिलॅरिटी, पर्स्पेक्टिव्ह. जुन्या कॅसेटला पहिली किंवा दुसरी पायरी. तिसरीला जायचं कारण सहसा पडत नाही.

एवढं करून शॉट शांत झाला. आणि डावीकडच्या खांबाला टेकून उभी असलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई अर्धी चौकटीबाहेर गेली.

ती कोण, मला माहीत नाही. व्हिडिओवाल्यालाही माहीत नव्हतं; त्याचं लक्ष मधोमध. लग्नाच्या चित्रात नवरा-नवरी मध्ये असतात आणि त्यांचे फोटो अल्बममध्ये शंभर असतात. कडेला जे उभे असतात त्यांचे कुठंच नसतात.

दुपारी १.३०

वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त दिवा आणि पंखा, संगणक बंद. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. शटर अर्धं ओढून तासभर आडवं व्हायचं. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही.

दुपारी ३.००

वीज आली. दुसरं काम एका निवृत्त शिक्षकांचं. त्यांचे भाऊ हैदराबादला असत. त्यांच्या व्हिडिओ एटच्या छोट्या कॅमेऱ्यानं घेतलेली कॅसेट. त्यात वाशिमचं जुनं स्टेशन आहे आणि मीटरगेजची गाडी फलाटात येतेय. अकोला–पूर्णा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी जयपूरकडून खांडवा, अकोला, वाशिम, पूर्णा असं हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून जायची. गुरुजींचं म्हणणं, गाडी नीट दिसली पाहिजे.

भावानं झूम पूर्ण ताणून शूट केलं आहे. झूम जितका जास्त तितका हाताचा कंप मोठा दिसतो. लांबचं जवळ आलं की थरथरही जवळ येते. त्यात इंजिन पुढे आल्यावर गाडीनं अर्धी चौकट व्यापली आणि बहुमत तिच्याकडे गेलं. सॉफ्टवेअरनं गाडी जागेवर थांबवली आणि फलाट पळवला.

म्हणून आपोआप मोजमाप बंद. एकच बिंदू हातानं धरायचा. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे, काळ्या अक्षरांत वाशिम लिहिलेलं. पिवळ्यावर काळं, कोपरे धारदार. रेल्वेनं आमच्यासाठीच रंगवली असावी! कॅमेरा पाटी सोडून उजवीकडे वळतो तिथं पुढचा बिंदू दिव्याच्या खांबावर द्यायचा, खांब सुटला की कडुलिंबाच्या बुंध्यावर. कॅमेऱ्याचं वळणं मात्र काढायचं नाही. भावानं गाडीबरोबर मान वळवली, ती वळलीच पाहिजे. फक्त वळतानाची थरथर काढायची.

एका ठिकाणी हात टेकावे लागतात. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं उघडं असतं. तेवढ्यात हाताला जोराचा हिसका बसला की ती फ्रेम फराटलेली उमटते. कंप काढल्यावर चित्र जागेवर राहतं, पण मधूनमधून एक फ्रेम धुरकटते. आधी ते हलण्यात खपून जायचं, आता उघडं पडतं. अशा जागी स्मूदनेस कमी करून थोडी हालचाल परत सोडतो, म्हणजे धुरकट फ्रेमला तिचं कारण मिळतं. धुरकटलेलं स्पष्ट करून देतो असं सांगणाऱ्या गोष्टी आता निघाल्या आहेत. त्या गाडीच्या डब्यावर नसलेली अक्षरं काढून देतात. गुरुजींना खरी गाडी हवी आहे.

पोरगा विचारतो, पूर्वीच्या सिनेमात एवढं हलत कसं नव्हतं? सिनेमाचा कॅमेरा तिवईवर असायचा. तरी जुन्या फिल्मचं चित्र हलतंच: फिल्म आकसते, कडेची भोकं झिजतात आणि प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक चौकट बारीकशी इकडेतिकडे बसते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या (स्थापना १९६४) ठिकाणी जपलेल्या जुन्या फिल्म दुरुस्त होतात, तेव्हा तो कंपही काढावा लागतो. पण तिथं मूळ चौकट कशी होती हे ठरलेलं असतं आणि तिच्याशी जुळवायचं असतं. घरच्या शूटिंगला अशी मूळ चौकट नसते. कॅमेरा हातात आला तेव्हाच घरचं शूटिंग सुरू झालं, त्यामुळे कंप त्याच्याबरोबरच आला.

सायंकाळी ४.३०

मानोऱ्याकडचा एक तरुण. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला काढलेला फोनचा व्हिडिओ. देशभरातून बंजारा समाज तिथं सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येतो. गर्दीत हात वर करून फोन धरलेला, खाली धक्काबुक्की. पुढे फेटिया-कांचळी घातलेल्या बायांचं नाचणं, मागे नंगाऱ्याच्या आकाराची संग्रहालयाची इमारत, ५ ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन झालेली.

“सर, रीलसाठी एकदम स्मूद पाहिजे.”

फोनचा कंप वेगळ्या जातीचा. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यात अख्खं फील्ड एकदम टिपलं जायचं. फोन रेघारेघांनी वरून खाली वाचतो. वाचता वाचता हिसका बसला की चित्राचा वरचा भाग एका जागी, खालचा दुसऱ्या. खांब तिरके होतात, इमारत जेलीसारखी डुलते. नुसतं सरकवून हे जात नाही, रोलिंग शटरची दुरुस्ती वेगळी लावावी लागते. दुसरी अडचण अशी की फोननं स्वतःही एकदा कंप काढलेला असतो. त्यावर आपण पुन्हा काढला की दोन्हींची ओढाताण होते, चित्र मधेच अडकतं आणि सुटतं.

इथं तो नंगारा कामाला आला. एवढी मोठी, कडा स्पष्ट असलेली, न हलणारी वस्तू गर्दीत मिळणं हे नशीब. मोजमाप त्याच्यावर बांधलं आणि नाचणाऱ्या बायांना मोकळं सोडलं. पण रील उभं, नऊला सोळा. आडव्या व्हिडिओतून उभी पट्टी काढली की बाजूचं दोन तृतीयांश तसंच जातं, डावा-उजवा कंप काढायला वेगळं झूम लागत नाही. उभी पट्टी स्वतःच इकडेतिकडे सरकवून तो जिरवता येतो. आडवा काढलास ते बरं केलंस, असं त्याला सांगतो. त्याला वाटतं मी चेष्टा करतोय.

धक्काबुक्की मात्र सगळी काढली नाही. नंगाऱ्याचा ठेका आहे, लोक रेटतायत. तिथं चित्र तिवईवर ठेवल्यासारखं झालं तर आवाज एका यात्रेचा आणि चित्र दुसऱ्या यात्रेचं वाटतं.

सायंकाळी ६.००

चहा. दुपारच्या त्या बाईचा प्रश्न बाकी आहे.

आजचे पडदे आडवे, सोळाला नऊ. जुनं चित्र चाराला तीन. १९२० बाय १०८० च्या चौकटीत जुनं चित्र पूर्ण उंचीनं बसवलं तर ते १४४० रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. बहुतेक जण चित्र ताणून त्या भरतात आणि सगळ्यांना जाडं करून ठेवतात. मी त्या पट्ट्या कंपासाठी ठेवतो. चित्र झूम न करता, नुसतं ‘स्टॅबिलाइज ओन्ली’ करून मोठ्या चौकटीत सोडायचं. उंचीला थोडी जागा मिळावी म्हणून आकार ९० टक्के. आता आतली माणसं स्थिर राहतात आणि चित्राची बाहेरची कड काळ्या जागेत तरंगते. कोणीच कापलं जात नाही.

तोटा एवढाच की लक्ष कडेकडे गेलं तर ती हलताना दिसते. काहींना ते खटकतं. म्हणून मंगलाष्टकांचे दोन नमुने करतो, एक झूम केलेला आणि एक तरंगता.

वरातीचा शॉट तर मूळचाच ठेवला. त्यात व्हिडिओवाला स्वतः नाचणाऱ्यांच्या मधे शिरला आहे आणि बँडच्या ताशावर कॅमेराही उडतोय. पोरग्यानं दुपारी त्याला हौसेनं पूर्ण स्मूदनेस लावून पाहिला होता; काका-मामा बर्फावरून घसरत जात असल्यासारखे दिसत होते. दोघांनी पाहिलं, हसलो आणि काढून टाकला.

सायंकाळी ७.३०

दादा आणि वहिनी दोघंही आले. काउंटरवरच्या मोठ्या टीव्हीवर आधी झूम केलेला नमुना लावला. दादा खूश. “आता कसं टीव्हीवरल्या सिरीयलवाणी झालं!”

मग तरंगता. वहिनींनी हातानंच थांबवायला सांगितलं आणि डावीकडे बोट दाखवलं.

“थे पाहा, खांबाजोळ उभी हाय ना, थे माही मामी. मंगी पहिल्यात कुठं गेली होती?”

पहिल्यात ती अर्धी होती, असं सांगितलं. दादा म्हणाले, कड हलते ना पण. वहिनी म्हणाल्या, हालू द्या कडीले. त्यावर पुढं चर्चा झाली नाही. फक्त नवरी मंडपात येते तो भाग झूम केलेला ठेवायचा ठरला. तिथं कडेला रिकाम्या खुर्च्या आहेत.

म्हणून मी शेवटचा रेंडर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय लावत नाही. सॉफ्टवेअर किती कापायचं ते सांगतं, मी कुठं कापलं तर बरं दिसेल ते सांगतो. पण कोण कापलं जातंय हे घरच्यांनाच कळतं.

रात्री ९.००

रात्रीची रांग लावायची. आधी गुरुजींची गाडी, कारण तिचं काम हातानं झालं आहे आणि रेंडर छोटा. मग लग्नाची दहा मिनिटं. मग उद्याच्या कॅसेटची पहिली फेरी, ती सकाळपर्यंत चालेल.

प्रत्येक कामाच्या तीन फाइल राहतात: कॅप्चर जसं आलं तसं, डीइंटरलेस केलेलं आणि कंप काढलेलं. पहिली फाइल दोन डिस्कवर आणि गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरही, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पुष्कळ जण म्हणतात, हलणारी कशाला, नीट केलेली आहे ना. पण टेप पुन्हा वाजवता येईल याची खात्री दरवर्षी कमी होत चालली आहे, आणि कंप काढायची पद्धत दरवर्षी सुधारते आहे. दहा वर्षांनी याहून चांगलं सॉफ्टवेअर येईल, तेव्हा त्याला मूळ चित्र कडांसकट लागेल. कापलेल्या फाइलमधून कड परत आणता येत नाही.

दादांच्या पेनड्राइव्हवर दोन फोल्डर केले, एकाला नाव ‘स्क्रीनसाठी’, दुसऱ्याला ‘पूर्ण, न कापलेलं’. कॅसेट मागे गुंडाळून डब्यात घातली आणि वर चिठ्ठी लावली: उभी ठेवावी, कूलरपासून लांब.